तिरप्या उन्हातली पिकअप

जुन्या पिकअपचा चांगला फोटो काढणे हे नव्या गाडीच्या फोटोपेक्षा अवघड काम आहे. नवी गाडी सगळीकडून सारखीच चकचकीत असते. कुठूनही पाहा, ती कॅलेंडरातल्या चित्रासारखीच दिसते. जुन्या गाडीची एक बाजू मात्र दुसरीसारखी राहिलेली नसते. ड्रायव्हरकडचे दार एका तऱ्हेने झिजते, क्लीनरकडचे दुसऱ्या. हौद्याचा पत्रा एक हकीकत सांगतो, केबिनमधले सीट दुसरी. मग फोटो नेमका कशाचा काढायचा? तिच्या रूपाचा, तिच्या वयाचा, की तिने आयुष्यभर वाहिलेल्या ओझ्याचा?

हा प्रश्न आमच्यापुढे हौसेपोटी आला नाही. घरची पिकअप विकायला काढली होती आणि तिचे फोटो काढायचे काम आमच्या वाट्याला आले होते.

इथे 'आम्ही' या शब्दाचा खुलासा केलेला बरा. आम्ही म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक. बी.एड. होऊन बारा वर्षे झाली. उर्दूत 'हम' म्हणायची सवय जिभेला लागली की मराठीतही 'मी' सहसा तोंडात येत नाही. शिवाय ही गाडी एकट्या कुणाची नव्हतीच. कागदावर नाव अब्बांचे. हप्ते फिटले ते आंब्याच्या मोसमावर. आमच्या बी.एड.ची फी तिच्याच भाड्यातून निघाली आणि गेली सात-आठ वर्षे तिच्यावर धाकट्या भावाचा संसार चालला. अशा गाडीबद्दल 'मी' म्हणून बोलणे आम्हाला जमणारही नाही.

गाडी २००७ सालची, पांढरी, महिंद्राची बोलेरो पिकअप. आमच्या भागात तिला नुसते 'पिकअप' म्हटले तरी पुरते. मार्च ते मे या काळात ती हापूसच्या पेट्या घेऊन रात्रीच्या रात्री वाशीच्या बाजारात जायची. संध्याकाळी बागेतून माल भरायचा, ताडपत्री आवळायची, कशेडी घाट ओलांडायचा आणि उजाडायच्या आत बाजार गाठायचा. जून-जुलैत समुद्रावरची मासेमारी बंद असते, आंबाही संपलेला असतो. तेव्हा खताची पोती, भाताची रोपे, कुणाचे घरसामान, जे मिळेल ते. ऑगस्टपासून मिरकरवाडा बंदरावरून बर्फात घातलेली मासळी. पावसाळा सरला की मध्येच एखाद्या घराच्या बांधकामासाठी जांभ्याचे चिरे. वर्षाचे बारा महिने असे वाटलेले होते आणि प्रत्येक महिन्याने तिच्या अंगावर आपली खूण ठेवली होती. पेट्यांनी हौद्याच्या कडा घासल्या, चिऱ्यांनी तळाला पोचे पाडले. सगळ्यात जास्त नुकसान केले ते मासळीच्या पाण्याने. लोखंडाला गंज चढायला हवा आणि पाणी पुरेसे असते, पण पाण्यात मीठ असले की ही क्रिया फार झपाट्याने होते. सातवीच्या वर्गात खिळ्यांचा प्रयोग करून आम्ही हेच दाखवतो. एक खिळा कोरडा, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात. घरी हाच प्रयोग हौद्याच्या तळाशी अठरा वर्षे चालला होता.

या कंपनीच्या नावाची एक गोष्ट आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो. १९४५ साली ती सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. दुसऱ्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलावे लागले नाही. मुले हे ऐकून हसतात. आम्हीही हसतो, पण एका भागीदारीचे दोन देश झाले हे त्या दोन अक्षरांकडे पाहताना दरवेळी आठवते.

गाडी विकायचे कारण साधे होते. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावे लागते. १३ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. पंधरा वर्षे झाली म्हणून चालू गाडी आपोआप मोडीत जाते असे नाही, तपासणीत ती नापास व्हावी लागते. पण जुन्या गाड्यांची फी वाढली, गिऱ्हाईकाच्या मनात धास्ती बसली, आणि दलाल 'आता भंगाराचाच भाव' म्हणू लागले. अब्बांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झाली होती. रात्रीची गाडी त्यांनी कधीच सोडली होती. धाकट्याला त्यापेक्षा नवी गाडी घ्यायची होती आणि तिच्यासाठी हातात जी रक्कम लागणार होती ती या जुन्या गाडीतूनच उभी राहायची होती. दलालाने जो आकडा सांगितला त्यात ती उभी राहत नव्हती. थेट गिऱ्हाईक मिळाले तरच काही खरे. थेट गिऱ्हाईक मिळवायचे तर हल्ली आधी मोबाइलवर फोटो पाठवावे लागतात. म्हणून आमच्या फोटोंवर त्या घराचे पुढचे वर्ष अवलंबून होते, असे म्हटले तरी चालेल.

आणखी एक गोष्ट होती. आमच्या घरात माणसांचे फोटो जवळजवळ नाहीत. आजोबांचा तसा दंडकच होता. घरात माणसाची तसबीर नको. या विषयावर मतमतांतरे पुष्कळ आहेत, त्यात इथे शिरायचे कारण नाही. आजोबांनी तो दंडक पाळला आणि अब्बांनी तो आजोबांच्या माघारीही जपला. लायसन्ससाठी, रेशनकार्डासाठी, हजच्या अर्जासाठी काढलेले पासपोर्ट आकाराचे फोटो सोडले तर अब्बांचा फोटो नाही. गाडीच्या फोटोला मात्र कुणाची हरकत नव्हती. गाडीत जीव थोडाच असतो! त्यामुळे आमच्या कपाटातल्या अल्बममध्ये आहेत त्या गाड्या. आजोबांची बैलगाडी, बैल वगळून. अब्बांनी दुसऱ्याकडे चालवलेला मॅटाडोर टेम्पो. आणि हार घातलेली ही पिकअप, शोरूमबाहेर, नवी कोरी. पाहुण्यांना अल्बम दाखवला की ते विचारतात, माणसे कुठे आहेत? अम्मी सांगते, "गाडीच्या मागं."

आता फोटोविषयी. धाकट्याचा बेत सोपा होता. दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, गाडीवर बादल्या मारून ओली असतानाच फोटो घ्यायचे. टायरांना काळे पॉलिश लावायचे. हौद्यात ताडपत्री अंथरायची. त्याचे म्हणणे असे की भर दुपारच्या उन्हात सगळे पांढरे फक्क दिसते, पोचे दिसत नाहीत. त्याची ही माहिती खरी होती आणि नेमके तेच आम्हाला खटकले.

आमचे गाव साधारण १७ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास इथे सूर्य भर दुपारी अगदी माथ्यावर येतो. त्यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. शाळेच्या मैदानात काठी उभी करून मुलांना आम्ही तो दाखवतो. काठीची सावली काठीच्या बुडाशीच गोळा होते. अशा उन्हात गाडी उभी केली तर टप आणि बोनेट जळून गेल्यासारखे पांढरे दिसतात, दारे आणि चाके काळोखात जातात, आणि पत्र्याचा उंचसखलपणा नाहीसा होतो. फोटोत गाडी असते, पण तिला आकार नसतो. पुठ्ठ्याची कापून उभी केल्यासारखी वाटते.

गाडीला आकार देतो तो तिरपा उजेड. सूर्य क्षितिजाजवळ असताना, म्हणजे उगवल्यावरचा आणि मावळण्यापूर्वीचा साधारण तासभर, उजेड आडवा येतो. प्रत्येक उंचवट्याला उजळ बाजू मिळते आणि प्रत्येक खोलगटीला सावली. दाराची घडी, बोनेटची रेघ, फाळक्याच्या पट्ट्या उठून दिसतात. पण त्याच उजेडात पोचाही दिसतो. पत्र्यावर लांबी भरून रंग मारलेली जागाही दिसते, कारण तिथे प्रतिबिंबाची सरळ रेघ वाकडी होते. गॅरेजवाला गाडी बघताना वाकून पत्र्याच्या कडेने तिरपे बघतो, ते याचसाठी. ज्या उजेडात जुनी गाडी सुंदर दिसते, त्याच उजेडात तिचे दोषही दिसतात. दोन्हीपैकी एकच घेतो म्हटले तर जमत नाही.

बसऱ्याच्या इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाजिर'मध्ये सांगितले की डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडत नाहीत, वस्तूवरून निघालेला उजेड डोळ्यात येतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ हे आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्ष म्हणून साजरे केले तेव्हा या ग्रंथाचीही आठवण काढली गेली. आम्ही धाकट्याला एवढेच म्हणालो, "कॅमेरा काही बनवत नाही. गाडीवरून जे येईल तेच तो घेतो. आपल्या हातात फक्त वेळ आणि जागा."

तो चिडला. म्हणाला, "भाईजान, तुमचा वर्ग नाही हा. हप्ता मला भरायचाय."

त्याचेही बरोबर होते. अब्बा पडवीत बसून ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "गाडी विका. पण घेणारा पण कुणाचा तरी पोरगा असंल. त्याला तळ दाखवा."

मग फोटो तीन वेळा काढले गेले.

पहिल्यांदा संध्याकाळी. आमच्याकडे समुद्र पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळचे ऊन अडत नाही. सकाळी सह्याद्रीकडून सूर्य वर येईपर्यंत उजेडातला कोवळेपणा अर्धा निघून जातो. गाडी खाडीकडच्या माळावर नेली. मागे जांभ्याचा जुना गडगा होता. पांढऱ्या गाडीमागे तांबडा दगड फार छान खुलतो. जागा निवडताना एक पाहायचे. केबिनच्या टपातून विजेचा खांब उगवलेला दिसता कामा नये, आणि क्षितिजाची रेघ काचेच्या मधोमध जाऊ नये. डोळ्याला हे खांब दिसत नाहीत, कारण डोळा गाडीच पाहत असतो. फोटोत मात्र ते आधी दिसतात.

गाडी पाऊण बाजूने उभी केली, म्हणजे पुढचा चेहरा आणि एक कूस दोन्ही दिसतील अशी. पुढची चाके थोडी वळवून ठेवली, चाकाची तबकडी आपल्याकडे येईल अशी. उलटी वळवली तर नुसता टायरचा काळा रबर दिसतो. मग आम्ही आठ-दहा पावले मागे गेलो आणि उकिडवे बसलो. ही दोन कामे सगळ्यात महत्त्वाची. मोबाइलची नेहमीची भिंग रुंद पट्ट्याची असते. तिने जवळून फोटो घेतला की गाडीचे नाक फुगते आणि हौदा उंदराच्या शेपटीसारखा बारीक होतो. लांब जाऊन दुप्पट झूमवर घेतले की प्रमाण जागेवर येते. आणि उभ्याने फोटो घेतला की टपच जास्त दिसतो, गाडी खेळण्यासारखी खुजी होते. भिंग हेडलाइटच्या उंचीवर आणले की ती आपल्या खऱ्या ताकदीनिशी उभी राहते. बोलेरो पिकअपच्या रेषा चौकोनी, पेटीसारख्या सरळ. मोबाइल जरा तिरका झाला तरी ती कलंडल्यासारखी दिसते, म्हणून पडद्यावरच्या चौकटीच्या रेषा चालू ठेवाव्यात.

पांढऱ्या रंगाचा एक त्रास असतो. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून चालतो. चौकटभर पांढरी गाडी असली तर तो तिला करडी करून टाकतो, मग उजेड थोडा वाढवावा लागतो. मागे गर्द आमराई असली तर उलट होते. तो झाडांना उजळवायला जातो आणि गाडी जळून जाते, मग उजेड कमी करावा लागतो. पडद्यावर गाडीवर बोट ठेवून वर-खाली सरकवले की हे साधते. काचेवर आकाशाची चकाकी येत होती. धाकट्याचा पोलराइज्ड गॉगल भिंगासमोर धरून फिरवला, एका कोनात चकाकी उतरली आणि आतले स्टिअरिंग दिसले. काच आणि रंगावरची चकाकी अशी उतरते, उघड्या धातूवरची उतरत नाही. हा प्रयोग पाहून धाकट्याचा राग निम्मा गेला. गॉगल त्याचा होता, म्हणूनही असेल.

दुसऱ्यांदा मळभाच्या दिवशी. मृगाच्या आधीचे ढग आले होते. ढगाळ आकाश म्हणजे भलीमोठी मलमलीची चादर. उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या मऊ पडतात. अशा दिवशी आतल्या-खालच्या गोष्टी काढाव्यात. मीटरवरचा आकडा, इंजिन, मागचे पाटे, टायरची नक्षी, स्टेपनी, बॅटरी. उन्हात हे सगळे काळ्या-पांढऱ्याच्या गोंधळात हरवते. चासी नंबर आणि कागदपत्रे भेटीत दाखवायची, फोटोत चारचौघांपुढे फिरवायची नाहीत, एवढे पथ्य पाळले. ताडपत्री काढली. हौद्याचा तळ झाडून घेतला आणि गंजून चाळणी झालेला कोपरा अगदी जवळून काढला. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले, भोक केवढे ते कळावे म्हणून. धाकटा तोंड फिरवून उभा राहिला. फाळक्यावर अठरा वर्षांपूर्वी पेंटरने हाताने रंगवलेली 'माँ की दुआ' ही अक्षरे होती. ती अगदी समोरून घेतली. अक्षरे बाजूने घेतली की लांबट होतात आणि वाचणाऱ्याला पेंटरचा हात कळत नाही.

गाडी धुतली होती, पण सजवली नव्हती. काचा, दिवे आणि नंबरप्लेट स्वच्छ, चिखल काढलेला, टायर नुसते पाण्याने धुतलेले. जुनी गाडी धुणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाने ईदच्या सकाळी आंघोळ करून धुवट कपडे घालण्यासारखे आहे. केसांना कलप लावायची गरज नाही.

असे बारा फोटो निवडले. चार पूर्ण गाडीचे, चार आतल्या-खालच्या भागांचे आणि चार तिच्या दोषांचे. हे शेवटचे चार पाठवायचे की नाही यावर रात्री उशिरापर्यंत बोलणे चालले. शेवटी अम्मी म्हणाली, "पोरगी दाखवताना चष्मा काढून ठेवायचा आणि निकाहनंतर घालायचा, असला धंदा आपल्या घरात नको." त्यावर धाकटा हसला आणि बाराच्या बारा फोटो गेले.

पहिले काही दिवस फोन कमी आले, हे सांगायला हवे. गंजाचा फोटो पाहून काही जणांनी परस्पर नाही म्हटले. धाकट्याने त्या दिवसांत आमच्याशी बोलणे तोडलेच होते. मग गुहागरकडचा एक मुलगा आला, पंचविशीचा, मासळीच्या क्रेट वाहायचा धंदा सुरू करणारा. त्याने मोबाइल उघडून एकेक फोटो समोर धरला आणि गाडीभोवती फिरला. कोपऱ्यातल्या भोकात बोट घातले, वाकून पाटे पाहिले, फाळका दोनदा उघडला-मिटला. मग अब्बांकडे वळून म्हणाला, "चाचा, फोटोत होती तशीच आहे. बाकीच्या चार गाड्या बघितल्या, त्या फोटोत वेगळ्या होत्या नि समोर वेगळ्या."

भाव ठरायला वेळ लागला नाही. तळाचा पत्रा बदलायचा खर्च त्याने आधीच धरलेला होता, त्यामुळे घासाघीस करायला काही उरले नव्हते. धाकट्याने मनात धरलेल्या आकड्यापेक्षा रक्कम कमी आली, दलालाच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त. नव्या गाडीची तयारी त्यात बसली, पण जेमतेम. खरे बोलल्याने बरकत येते असे आम्ही मुलांना शिकवतो, तेव्हा ती जास्तीच्या पैशाच्या रूपाने येते असा त्यांचा समज होतो. आमच्या अनुभवात ती अशी आली की त्या मुलाचा पुन्हा तक्रारीचा फोन आला नाही, आणि अब्बांना रात्री झोप लागली.

आता तिसऱ्या वेळचे फोटो. ते विक्रीसाठी नव्हते.

जयपूरला १९४२ साली जन्मलेले आणि १९९९ साली वारलेले छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी अॅम्बॅसडर गाडीला धरून भारताचे फोटो काढले. त्यांच्या पश्चात २००२ साली 'अ वे इन्टू इंडिया' या नावाने त्यांचे पुस्तक निघाले. त्यात गाडीचे दार, खिडकी, आरसा यांची चौकट होते आणि तिच्यातून देश दिसतो. अॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, त्या फोटोंतला भारत मात्र राहिला. गाडी बाहेरून पाहण्याऐवजी तिच्या आत बसून बाहेर पाहावे, ही युक्ती आम्ही तिथूनच शिकलो. आणि गाडी देण्याच्या आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसलो.

अब्बांचा एक फोटो घ्यावा, गाडीसोबत, असे मनात फार होते. विचारले. ते शांतपणे म्हणाले, "माझा नको. गाडीचा घे." मोबाइल हातात असताना न सांगता फोटो घेणे एका बोटाचे काम असते. पण ज्यांनी आयुष्यभर एक गोष्ट पाळली, त्यांच्याकडून ती चोरून घेणे आम्हाला पटले नाही. आम्ही गाडीचाच घेतला.

आत बसल्यावर दिसले की अब्बा त्या केबिनमध्ये होतेच. सीटचा फोम डावीकडे कमी आणि उजवीकडे जास्त दबलेला, कारण ते दाराकडे कलून बसायचे. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेले. स्टिअरिंग दोनच जागी गुळगुळीत, एक वर, एक डावीकडे. क्लचच्या पेडलचे रबर टाचेच्या आकारात झिजलेले. आणि दाराच्या काचेची पट्टी. तिथे त्यांचा उजवा कोपर टेकायचा. अठरा वर्षांच्या टेकण्याने तिथला पांढरा रंग उडाला, त्याखालचा तांबूस थरही उडाला आणि वीतभर जागेत नुसता पत्रा उरला, ओढ्यातल्या गोट्यासारखा गुळगुळीत. सगळ्या गाडीला खाऱ्या हवेने गंज आणला होता. तिथे गंज नव्हता. रोज हात फिरत होता ना!

सूर्य खाडीवर टेकला होता. उजेड दारातून आडवा आत आला आणि त्या वीतभर पत्र्यावर पडला. आम्ही तो फोटो घेतला. चौकटीत दार आहे, काचेची पट्टी आहे, पलीकडे खाडीचे पाणी आणि दोन होड्या. माणूस नाही. अल्बममध्ये आम्ही तो हार घातलेल्या नव्या गाडीच्या फोटोशेजारी लावला. अम्मीने पाहिला, पट्टीवर बोट ठेवले आणि काही न बोलता अल्बम मिटला. अब्बांनी पाहिला तेव्हा म्हणाले, "इथं रंग मारून घ्यायचा राहिलाच." गाडी तोवर गुहागरला पोचली होती.

बी.एड.ला हर्बार्टची पंचपदी शिकवतात. तिची शेवटची पायरी उपयोजन. शिकलेले वापरून पाहा. म्हणून या वर्षी आठवीच्या मुलांना आम्ही एक काम दिले. तुमच्या घरात जे अवजार, जे वाहन, जे यंत्र रोजी कमावते त्याचा फोटो काढून आणा. माणसांचा फोटो घ्यायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या घरावर सोडा. फोटोखाली दहा ओळी उर्दूत लिहा आणि दहा मराठीत. कुणी जाळे विणायची लाकडी सुई आणली, कुणी बापाची हातगाडी, कुणी बेकरीची जळकी पाटी. एका मुलीने अम्मीचे शिलाई मशीन आणले. खिडकीतून सकाळचा उजेड येत होता आणि मशीनच्या लाकडी फळीवर, कापड सरकते तिथे, पॉलिश उडून एक फिकट वाट तयार झाली होती. तिने मराठीत लिहिले होते, 'ही वाट माझ्या अम्मीने बनवली.' तिला आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले. व्याकरणाची एक चूक होती, ती पेन्सिलने दाखवली.

वाचकांपैकी कुणाच्या दारात अशी जुनी गाडी उभी असेल, विकायची असो वा नसो, तर एवढे करावे. ती स्वच्छ धुवावी, सजवू नये. लांब उभे राहून, खाली बसून फोटो घ्यावा. दोष दिसतील तितके दिसू द्यावेत. आणि ती चालवणाऱ्याचा हात जिथे रोज पडला ती जागा शोधून तिचा एक फोटो वेगळा काढावा. वेळ मात्र सांभाळावी. असरनंतर, ऊन तिरपे झाल्यावर.